१० मीटर एअर रायफलीच्या नळीचे टोक: नवोदित नेमबाजांसाठी जोडणीचे मार्गदर्शन

रेंजच्या रायफलीवर काही महिने सराव झाला की नेमबाज स्वतःची रायफल घेण्याचा विचार करतो, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात ही पहिली रायफल बहुधा एखाद्या ज्येष्ठ नेमबाजाने वापरलेली असते. तिच्या पेटीत नळीवर पुढून चढवायची एक-दोन नळकांडी, फोरसाइट (नेम धरायची पुढची साइट), काही वजने, फोरसाइटमध्ये बसवायच्या रिंगांची डबी आणि ॲलन कीचा जुडगा मिळतो. माहितीपुस्तिका मात्र क्वचितच मिळते. नळीच्या टोकाशी काय बसवायचे, कोणत्या क्रमाने बसवायचे आणि ते नीट बसले आहे हे कसे ओळखायचे, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे या लेखात दिली आहेत. रायफलीच्या इतर भागांच्या जोडणीत थोडे इकडे-तिकडे झाले तर शरीर ते सांभाळून घेते, पण पुढच्या टोकाला फोरसाइट असते आणि तिथला अर्ध्या मिलिमीटरचा फरक लक्ष्यावर सुमारे सहा मिलिमीटरचा होऊन उमटतो. म्हणून या टोकाकडे घाई न करता पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी कायदा आणि स्पर्धेचे नियम

परदेशी चित्रफिती पाहून आलेले नवोदित सायलेन्सरबद्दल, म्हणजेच सप्रेसरबद्दल, हमखास विचारतात. काही देशांत रायफलीच्या नळीच्या तोंडाशी आटे पाडून त्यावर फ्लॅश हायडर (ज्वाला झाकणारा भाग) किंवा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) बसवतात आणि त्याच्या आधाराने सप्रेसर चढवतात, हे खरे आहे. भारतात मात्र १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत, आणि अग्निशस्त्राचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली जोडसाधने या नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात मोडतात. रायफलीचा परवाना आहे म्हणून असे साधन बाळगता येत नाही, आणि ते घरी किंवा कार्यशाळेत बनवून घेणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे या लेखात त्याचा विचार केलेला नाही; इथे विषय आहे तो १० मीटर स्पर्धेच्या एअर रायफलीचा आणि तिच्या टोकाशी कायद्याने व नियमाने बसवता येणाऱ्या भागांचा.

४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या जवळपास असते आणि मर्यादेपासून ती बरीच दूर राहते. तरीही खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलीच्या पेटीत कायम ठेवावी. मडगावहून रेल्वेने किंवा मोपाहून विमानाने स्पर्धेला जाताना तिची गरज पडू शकते.

आता खेळाचे नियम पाहू. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार एअर रायफलीचे वजन साइटसह साडेपाच किलोंपेक्षा जास्त असता कामा नये. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. यातला ‘दिसणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण खरी नळी आत कुठेही संपत असली तरी मोजमाप बाहेरच्या नळकांड्याच्या टोकापर्यंत घेतले जाते. फोरसाइटचा बोगदा, ज्याला रेंजवर सगळे टनेल म्हणतात, तो जास्तीत जास्त ५० मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो, आणि फोरसाइट नळीच्या दिसणाऱ्या तोंडाच्या पुढे जाऊ शकत नाही. मझल ब्रेक आणि कंपेन्सेटर (टोक वर उडू न देणारा भाग) रायफलीवर चालत नाहीत. नळकांड्याला भोके पाडलेली चालत नाहीत, आणि नळी किंवा नळकांड्याच्या आत कोणतीही वेगळी रचना बसवता येत नाही. एअर रायफलीसाठी म्हणून ऑनलाइन विकली जाणारी आवाज दाबणारी नळकांडी या शेवटच्या नियमामुळेच स्पर्धेतून बाद होतात.

आवाजाची काळजी अनेकदा पालकांना असते. वाड्यावर शेजाऱ्यांना त्रास होईल असे त्यांना वाटते. त्यावर उपाय सोपा आहे. स्पर्धेच्या बहुतेक रायफलींत ड्राय फायरची सोय असते, आणि घराच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, भिंतीवर काळा ठिपका लावून छर्ऱ्याविना केलेला सराव नवोदिताला खऱ्या फायरिंगइतकाच उपयोगी पडतो. खरे फायरिंग रेंजवरच करावे.

पुढच्या टोकाची रचना

स्पर्धेच्या एअर रायफलीची खरी नळी, म्हणजे आत सर्पिल खाचा असलेली पोलादी नळी, साधारण ४२० मिलिमीटर लांबीची असते. तिच्या तोंडाची कड अत्यंत काळजीने घासून गोल केलेली असते, कारण छर्रा बाहेर पडताच त्याच्या मागची दाबाची हवा सुटते आणि कडेला एका बाजूला जरी टवका उडालेला असला तरी ती हवा छर्ऱ्याच्या शेपटाला त्या बाजूने वेगळा धक्का देते. हाच धक्का कमी व्हावा म्हणून बऱ्याच कंपन्या तोंडाच्या किंचित पुढे एक शंकूच्या आकाराचा तुकडा बसवतात. मधल्या भोकातून छर्रा पुढे जातो आणि हवा शंकूवर आपटून बाजूला फेकली जाते. हा तुकडा मूळ कारखान्यातून रायफलीबरोबर आलेला असतो, त्याचे अंतर तिथेच ठरवलेले असते आणि नवोदिताने तो उघडू नये.

या सगळ्याच्या पुढे बाहेरून चढवलेले नळकांडे येते, ज्याला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. ती ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची असते. तिच्यामुळे छर्ऱ्याचा वेग वाढतो असा समज अजूनही रेंजवर ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. ट्यूब छर्ऱ्यापेक्षा बरीच रुंद असते आणि तिच्या आत छर्ऱ्यामागे दाब उरत नाही. ट्यूबचा उपयोग दोन कारणांसाठी होतो. फोरसाइट पुढे गेल्यामुळे ती आणि डोळ्याजवळची रिअर साइट यांच्यातले अंतर वाढते आणि नेम धरताना झालेली बारीक चूक डोळ्याला लवकर दिसते. शिवाय पुढच्या टोकाला थोडे वजन आल्यामुळे रायफल शांत राहते. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद घेतो आणि १० मीटर जायला जवळपास सहा शतांश सेकंद घेतो. ट्रिगर सुटल्यानंतरच्या त्या पहिल्या क्षणात टोक जितके स्थिर, तितका छर्रा नेमाशी इमान राखतो.

काम सुरू करण्यापूर्वी

जोडणी रेंजवर, कोचच्या किंवा रेंज अधिकाऱ्याच्या देखत करावी. प्रथम रायफल लक्ष्याकडे रोखलेली असताना बोल्ट उघडून नळीत छर्रा नाही याची खात्री करावी आणि मग दाबाच्या हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवावा. सिलिंडर काढला म्हणजे हवा संपली असे नसते. रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब नेमका राखणाऱ्या भागात, थोडी हवा शिल्लक राहते, म्हणून लक्ष्याकडेच रोखून रायफल रिकामीच एक-दोनदा चालवावी. त्यानंतर बोल्ट उघडा ठेवून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी, नळीत घालावा. एवढे झाल्याशिवाय कोणाचाही हात किंवा चेहरा नळीच्या तोंडासमोर येता कामा नये, मग ती रायफल कितीही ओळखीची असो.

लागणारे साहित्य थोडेच आहे: व्हर्निअर कॅलिपर, नेमक्या मापाच्या ॲलन की, लहान टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरवलेल्या जोराइतकाच आवळणारा) मिळाला तर उत्तम, कोरडे सुती कापड, कानकोरणीचे कापसाचे बोळे, एक बारीक टॉर्च, टोकदार पेन्सिल, लहान पाणसळ आणि ओळंब्यासाठी दोरा व नट. झिजलेली ॲलन की अजिबात वापरू नये, कारण ती स्क्रूचे तोंड गोल करून टाकते आणि मग तो स्क्रू काढायला म्हापशाच्या एखाद्या लेथवाल्याकडे जावे लागते.

ट्यूब बसवणे

सुरुवात मोजमापापासून करावी. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबविना नळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा आणि ती ८५० मधून वजा करा. समजा ती ७७० मिलिमीटर भरली, तर ट्यूब नळीच्या पुढे ८० मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर राखून ठेवणेच शहाणपणाचे आहे, कारण स्पर्धेच्या साहित्य तपासणीत तुमची टेप चालत नाही, त्यांची चालते. ट्यूबचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाशी जुळतो का हेही कॅलिपरने पाहावे. दुसऱ्या कंपनीची ट्यूब कागदाचा किंवा टेपचा थर घालून बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. ट्यूब एका बाजूला कलते, आणि गोव्याच्या दमट हवेत टेपचा चिकट थर सुटत जातो.

जिथे ट्यूब नळीला पकडते तो भाग आणि ट्यूबची आतली बाजू कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावी. इथे तेलाचा अंशही राहू देऊ नये. गंजाच्या भीतीने पालक इथे तेल लावतात आणि मग पकड घसरते. ट्यूब सरळ, न फिरवता, हलक्या हाताने चढवावी. मध्ये अडली तर जोर न लावता काढावी आणि कडेला कचरा किंवा जुन्या स्क्रूने उठलेला टोकदार भाग आहे का ते पाहावे. ठरलेल्या जागी आली की फोरसाइटची डव्हटेल रेल (जिच्यावर साइट सरकवून बसवतात ती पट्टी) अंदाजाने वर आणावी आणि स्क्रू फक्त बोटांनी लागतील एवढे लावावेत.

स्क्रू आवळताना एक स्क्रू पूर्ण घट्ट करून मग दुसऱ्याकडे जाऊ नये. आळीपाळीने, पाव-पाव फेरा देत दोन्ही बरोबरीने आणावेत. टॉर्क स्क्रूड्रायव्हर असेल तर कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबावे. तो नसेल तर ॲलन कीचा लांब हात स्क्रूमध्ये घालून आखूड हाताने फिरवावे. त्यामुळे जोर आपोआप मर्यादेत राहतो. जास्त आवळल्याने फायदा काहीच होत नाही, उलट पातळ नळी पकडीखाली किंचित आवळली जाते आणि छर्रा त्या ठिकाणी अडखळतो. जोडणीनंतर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छर्ऱ्यांचा पुंजका, अचानक मोठा झाला, तर प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा.

पकड पक्की झाली की टोकदार पेन्सिलीने नळी आणि ट्यूब यांच्या सांध्यावर आडवी जाणारी एक बारीक रेघ ओढावी. ही साक्षीखूण पुढच्या सगळ्या सरावात उपयोगी पडते. डिचोलीहून सरावाला येणाऱ्या एका मुलीचे छर्रे जुलै महिन्यात दहा शॉटच्या प्रत्येक सिरीजबरोबर थोडे थोडे उजवीकडे सरकत होते. तिने श्वास, खांदा, पायांची जागा सगळे बदलून पाहिले होते. सांध्यावरची रेघ पाहिली तेव्हा तिचे दोन अर्ध एका रेघेच्या जाडीने एकमेकांपासून सरकलेले होते. पकडीचा एक स्क्रू सैल होता, आणि फायरिंगच्या प्रत्येक बारीक धक्क्याबरोबर ट्यूब फिरत होती.

ट्यूब सरळ बसली आहे का

हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ट्यूब नळीच्या अक्षाशी जुळलेली नसेल तर छर्रा बाहेर जाताना तिच्या पुढच्या कडेला पुसटसा घासू शकतो. असा छर्रा दहा वेळा बरोबर जातो आणि अकराव्या वेळी विनाकारण लक्ष्यावरच्या सातच्या रिंगेत जातो. नेमबाज मग स्वतःलाच दोष देत बसतो.

सिलिंडर काढलेला, बोल्ट उघडा आणि आतील हवा संपल्याची खात्री असताना, सेफ्टी फ्लॅग बाजूला करून बोल्टच्या जागेत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा आणि त्यावर टॉर्चचा प्रकाश पाडावा. मग ट्यूबच्या तोंडापासून हातभर अंतरावरून पाहावे. नळीचे उजळलेले वर्तुळ ट्यूबच्या वर्तुळाच्या अगदी मध्यावर दिसले पाहिजे. ते एका बाजूला झुकलेले दिसले तर स्क्रू सैल करून ट्यूब पुन्हा बसवावी. कलणे टिकून राहिले तर ट्यूब वाकलेली आहे किंवा तिची पकड खराब आहे असे समजावे आणि ती वापरू नये.

दुसरी तपासणी काही दिवसांनी, पन्नास-साठ छर्रे मारल्यावर करावी. त्याच सुरक्षित स्थितीत कोरडा कापसाचा बोळा ट्यूबच्या पुढच्या कडेवरून आतून गोल फिरवावा. शिशाची अगदी पुसट, सगळीकडे सारखी राखाडी छटा असणे स्वाभाविक आहे. एकाच जागी गडद चमकदार रेघ उमटली, तर छर्रा तिथे स्पर्श करतो आहे. ट्यूब काढून आतल्या शंकूवरही हेच पाहावे: शिशाचे वर्तुळ भोकाभोवती सगळीकडून सारखे असले म्हणजे तो भाग मध्यावर आहे, आणि एका बाजूला जाड असले तर रायफल जाणत्या आर्मररकडे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे, द्यावी.

फोरसाइट उभी करणे

फोरसाइट डव्हटेलवर सरकवून ट्यूबच्या तोंडाच्या रेषेच्या आतच थांबवावी. ती अगदी उभी असावी लागते, आणि इथे डोळ्यावर विश्वास ठेवू नये. भिंतीवर ओळंबा टांगावा. रायफल स्टँडवर ठेवून रिअर साइटच्या आधाराच्या सपाट भागावर पाणसळ ठेवून ती समतल करावी, मागून पाहावे आणि फोरसाइटच्या मधल्या उभ्या दांड्याशी ओळंब्याचा दोरा जुळवावा. दांडा नसलेली रिंग असेल तर टनेलच्या पायाची कड वापरता येते. जुळत नसेल तर फोरसाइट डव्हटेलवर तिरकी बसलेली असते किंवा ट्यूबच थोडी फिरलेली असते. बहुतेक वेळा ट्यूबच फिरलेली असते, आणि मग पेन्सिलीची रेघ पुसून ट्यूब पुन्हा बसवावी लागते.

उभेपणाला एवढे महत्त्व कशासाठी, असे नवोदित विचारतात. फोरसाइट आणि रिअर साइट नळीच्या अक्षावर एकाच उभ्या पातळीत नसतील, तर छर्रा वर नेण्यासाठी फिरवलेली घुंडी त्याला थोडा बाजूलाही नेते. मग बाजूची घुंडी फिरवावी लागते, आणि साइटर शॉट (स्पर्धेआधीचे, न मोजले जाणारे शॉट) संपेपर्यंत नेमबाज दोन घुंड्यांत अडकून राहतो. शिवाय कललेली फोरसाइट पाहून मान नकळत तिच्याबरोबर कलते.

फोरसाइट वर उचलण्यासाठी खाली ठोकळे बसवले जातात. लांब मानेच्या मुलामुलींना ते खरोखरच आराम देतात. पण फोरसाइट जितकी वर जाईल तितकीच रिअर साइटही वर गेली पाहिजे. याचा हिशेब एकदा समजून घ्यावा. दोन्ही साइटमधले अंतर ८०० मिलिमीटर असेल आणि फोरसाइट एक मिलिमीटर वर उचलली, तर १० मीटरवर छर्रा साडेबारा मिलिमीटर खाली जातो. लक्ष्यावरच्या दोन रिंगांतले अंतर अडीच मिलिमीटरचे असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या ठोकळ्यासाठी पाच रिंगा मोजाव्या लागतात.

रिंग निवडणे

लक्ष्याचा काळा भाग साडेतीस मिलिमीटर व्यासाचा असतो. डोळ्यापासून ८०० मिलिमीटरवर असलेल्या फोरसाइटच्या जागी तो सुमारे २.४ मिलिमीटरचा दिसतो, आणि ट्यूब लावून फोरसाइट ९०० मिलिमीटरवर नेली की सुमारे २.७ मिलिमीटरचा. म्हणूनच ट्यूब लावल्यावर जुनी रिंग घट्ट वाटू लागते. काळ्या भागाभोवतीची पांढरी कड बारीक होते. बरेच नवोदित ही बारीक कड म्हणजे अधिक अचूकता असे समजतात, पण अनुभव उलटा आहे. कड फार बारीक असली की डोळा ती सारखी राहते की नाही हे तपासण्यात अडकतो, ट्रिगर उशिरा सुटतो आणि शॉट बिघडतो. सुरुवातीला ४ ते ४.४ मिलिमीटरची रिंग घ्यावी, आणि रायफल उभ्या स्थितीत जितकी हलते तितकी हालचाल पांढऱ्या कडेत मावेल अशी ती ठेवावी. हात स्थिर झाल्यावर, काही महिन्यांनी, एक पायरी खाली जाता येते. रिंग घेण्यापूर्वी टनेलच्या आट्याचे माप पाहावे. १८ मिलिमीटरच्या टनेलची रिंग २२ मिलिमीटरच्या टनेलमध्ये बसत नाही, आणि ही चूक ऑनलाइन खरेदीत फार होते.

वजने

वजनांबद्दल माझे मत ठाम आहे: पहिल्या हंगामात टोकाला वजन लावू नये. किशोरवयीन मुलांच्या पाठीचा खालचा भाग अजून तयार होत असतो, आणि पुढे लटकणारे शंभर ग्रॅम डाव्या हातापासून दूर असल्यामुळे हातावर आणि कमरेवर त्यांचा ताण वजनाच्या मानाने खूप जास्त येतो. कोचने सांगितल्यावरच लहान वजन लावावे, तेही प्रथम डाव्या हाताजवळ, मग हळूहळू पुढे सरकवत. प्रत्येक बदलानंतर पूर्ण ६० शॉटचा सराव करावा, कारण पहिल्या वीस शॉटमध्ये जे वजन छान वाटते तेच शेवटच्या वीसमध्ये रायफल खाली ओढते. वजनाचे स्क्रू आवळण्याचा नियम ट्यूबसारखाच आहे, आणि प्रत्येक वेळी रायफल काट्यावर ठेवून साडेपाच किलोंची मर्यादा पाहावी.

शून्यावर आणणे

सिलिंडर बसवून प्रथम पाच शॉट घ्यावेत आणि साइटला हात लावू नये. छर्रे कुठेही गेले तरी ते एकत्र आहेत का, एवढेच पाहावे. विखुरलेले असतील तर कारण जोडणीत शोधावे, साइटमध्ये नाही. एकत्र असतील तर रिअर साइट हव्या त्या दिशेने न्यावी: छर्रे डावीकडे नेण्यासाठी रिअर साइट डावीकडे सरकली पाहिजे, वर नेण्यासाठी वर. घुंड्यांवरची अक्षरे वेगवेगळ्या कंपन्यांच्या साइटवर वेगळ्या अर्थाने वापरलेली असतात, म्हणून अक्षर वाचून अंदाज करण्यापेक्षा तीन क्लिक फिरवावेत, शॉट घ्यावा आणि छर्रा कुठे सरकला ते वहीत लिहून ठेवावे. ट्यूबमुळे साइटमधले अंतर वाढल्यावर एका क्लिकने छर्रा पूर्वीपेक्षा थोडा कमी सरकतो, तेव्हा जुन्या वहीतला आकडा तसाच वापरता येत नाही.

एका वेळी एकच बदल करावा. ट्यूब, रिंग आणि ठोकळा एकाच संध्याकाळी बदलले तर पुढच्या सिरीजमध्ये बिघडलेल्या शॉटचे कारण कोणालाही सांगता येणार नाही.

खारी हवा आणि पावसाळा

गोव्यात रायफल सांभाळणे हे वेगळे शिक्षण आहे. समुद्राकडून येणारी खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि हाताचा घाम यांचा पहिला हल्ला पुढच्या टोकाच्या लहान पोलादी स्क्रूंवर होतो. ॲल्युमिनियमची ट्यूब आणि पोलादी स्क्रू यांच्यामध्ये मिठाचा ओलावा गेला की दोन्ही धातूंच्या सांध्यावर पांढरट भुकटी जमते आणि स्क्रू अडकतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असे दोनदा स्क्रू काढून त्यांचे आटे पुसावेत आणि फक्त आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पकडीचा भाग कोरडाच राहू द्यावा.

वातानुकूलित खोलीत ठेवलेली थंड रायफल पावसाळी दिवशी उघड्या रेंजवर काढली की काही मिनिटांत तिच्यावर दव जमते, आणि ट्यूबच्या आतही जमते. पेटी बंद ठेवूनच ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. घरी परतल्यावर मात्र उलट करावे: पेटीतला स्पंज दिवसभराचा ओलावा धरून ठेवतो, म्हणून रायफल रात्रभर पेटीत बंद ठेवू नये, पुसून कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह उभी ठेवावी. चवथीच्या सुट्टीत सगळे घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि रायफल आठ-दहा दिवस पेटीतच राहते. त्यानंतर येणाऱ्या पेट्या उघडताना स्क्रूंच्या तोंडावर नारिंगी ठिपके दिसतात. सुट्टीपूर्वी पाच मिनिटे काढून ती पुसणे एवढेच करायचे असते.

नळी आतून स्वच्छ करताना फेल्टचे (नमद्याचे) सफाईचे छर्रे मागून पुढे ढकलावेत. तोंडाकडून सळई आत घालणे म्हणजे त्या नाजूक कडेला स्वतःच्या हाताने इजा करणे होय. तेल लावलेच तर त्यानंतर दोन-तीन कोरडे फेल्ट चालवून पहिले काही शॉट सरावाचे धरावेत.

सिलिंडरवर कारखान्याने लिहिलेली वैधतेची तारीखही याच वेळी पाहून घ्यावी. वापरलेल्या रायफलीबरोबर आलेला सिलिंडर दहा वर्षांपेक्षा जुना असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत अडवला जातो, आणि तो भरणे धोक्याचेही आहे.

स्पर्धेच्या सकाळी

राज्य स्पर्धेतून पात्र ठरलेले नवोदित पुढे गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेकडे वळतात. मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेमागेही तेच होते. तिथल्या साहित्य तपासणीत लांबी, वजन, टनेलचे माप आणि ट्यूब हे सर्व पाहिले जाते, त्यामुळे घरून निघण्यापूर्वी ते स्वतः मोजून वहीत लिहिलेले असावे. तपासणी झाल्यावर पुढच्या टोकाला काहीही जोडू नये किंवा काढू नये. रिंग बदलायची असेल तर ती नियमात बसते का हे आधी विचारावे. रेंजवर पोहोचल्यावर पेन्सिलीची रेघ जुळते आहे का ते पाहावे, प्रत्येक स्क्रूला ॲलन की लावून तो हलत नाही याची खात्री करावी, आणि नेहमीच्या मापाची ॲलन की, ट्यूबचा एक जादा स्क्रू व नेहमीची रिंग एका लहान डबीत घालून ती डबी फायरिंग पॉइंटवर आपल्या स्टूलखाली ठेवावी.